नृत्यशिक्षण आणि मेंदूची साक्ष

नृत्य ही तरुणांची व निवडक कलावंतांची विद्या आहे, ही समजूत सुशिक्षित समाजांत इतकी रुजलेली आहे कीं तिची कोणी चिकित्साहि करीत नाहीं. मुलानें वर्गांत उड्या मारल्या तर तो खोडकरपणा ठरतो. साठी उलटलेल्या गृहस्थानें ठेक्यावर पाऊल टाकलें तर तें हास्यास्पद ठरतें. आणि ज्याचे हातपाय कांपतात अशा रोग्याच्या बाबतींत तर नृत्याचा विचारहि कोणाच्या मनांत येत नाहीं. या समजुतीला अलीकडे एका अनपेक्षित दिशेनें धक्का बसला आहे. मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नृत्याकडे वळले आहेत, आणि त्यांच्या प्रयोगांचा आधार घेऊन, नृत्य सर्व वयांच्या माणसांना शिकवावें असें सांगणारी एक शिक्षणपद्धति अमेरिकेंत उभी राहिली आहे. 'मेंदूला मानवणारें नृत्यशिक्षण' असें तिच्या नांवाचें भाषांतर करतां येईल.

हें नांव ऐकून कोणाचीहि अशी समजूत होईल कीं, प्रथम शास्त्रज्ञांनीं मेंदूचे नियम शोधून काढले व मागून शिक्षकांनीं ते वर्गांत लागू केले. वस्तुस्थिति जवळजवळ उलट आहे. शिक्षक आधीं आले, शास्त्र मागून आलें. शिक्षकांनीं माणसाच्या शरीराकडे बारकाईनें पाहून जें ठरविलें, त्यांतील कांहीं भागाला पुढें प्रयोगशाळेनें दुजोरा दिला, कांहीं भागाला अद्याप दिलेला नाहीं, आणि कांहीं कल्पना तर खोट्या ठरविल्या. हा क्रम ध्यानांत ठेवणें इतिहासदृष्ट्याच नव्हे तर व्यवहारदृष्ट्याहि अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि तें कां, हेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

सर्व वयांना नृत्य शिकवावें ही कल्पना मुळांत नवी नाहीं. प्लेटोनें आपल्या वृद्धापकाळीं लिहिलेल्या 'नियम' या ग्रंथांत शिक्षणाचा आरंभच नृत्यगायनापासून केला आहे. कोणतेंहि कोवळें प्राणिमात्र स्वस्थ बसूं शकत नाहीं; परंतु त्या चळवळींतील क्रम व ताल ओळखण्याची जाणीव एकट्या माणसाला मिळालेली आहे, आणि ती जाणीव घडविणें हेंच पहिलें शिक्षण होय, असें त्याचें म्हणणें. म्हणून आपल्या आदर्श नगरीसाठीं त्यानें तीन वृंद कल्पिले : पहिला मुलांचा, दुसरा तिशीच्या आंतील तरुणांचा, आणि तिसरा तीस ते साठ या वयाच्या प्रौढांचा. या तिसऱ्या वृंदांतील मंडळींना लोकांपुढें येण्याचा संकोच वाटेल हें जाणून त्यानें त्यांना थोड्या मद्याची मुभाहि दिली आहे. विनोदाचा भाग सोडला तरी यांतील तत्त्व गंभीर आहे. ज्याला वृंदांत भाग घेतां येत नाहीं तो अशिक्षितच, असें प्लेटो मानीत होता. नृत्य हा त्याच्या मतें नागरिकाचा गुण होता, व्यवसाय नव्हे.

ही दृष्टि पुढें युरोपांत लोपली. १६६१ सालीं चौदाव्या लुईनें पॅरिसमध्यें नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली, आणि तेव्हांपासून नृत्य ही क्रमाक्रमानें व्यवसायी मंडळींची, काटेकोर नियमांची विद्या होत गेली. बालपणापासून शरीर वळवावें, गुरूनें पदन्यास करून दाखवावा, शिष्यानें त्याची हुबेहूब नक्कल करावी, असा हा प्रकार होता. त्यानें अप्रतिम कलावंत निर्माण केले यांत शंका नाहीं. परंतु उरलेला सारा समाज प्रेक्षक झाला. आमच्याकडे तर नृत्याच्या वाट्याला याहून वाईट दशा आली. कला देवळांत व दरबारांत राहिली, ती करणाऱ्या स्त्रियांना समाजानें हलकें मानलें, आणि सभ्य घरांतील मुलींना नृत्याचें वारेंहि लागूं नये अशी दक्षता घेतली गेली. त्याच घरांतील बायका मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा व फुगड्या खेळत होत्या, आणि त्यांत नवी सून व पिकल्या केसांची आत्या एकाच फेरांत फिरत होत्या. पण त्याला कोणी नृत्य म्हणत नसे.

अर्वाचीन काळांत ही कोंडी फोडण्याचा मान बऱ्याच अंशीं विस्कॉन्सिन विद्यापीठांतील मार्गारेट हडब्लर यांच्याकडे जातो. या बाई जीवशास्त्राच्या पदवीधर. मुलींना बास्केटबॉल व इतर खेळ शिकवीत असत. १९१६ सालीं त्या पुढील अभ्यासासाठीं न्यूयॉर्कला निघाल्या तेव्हां, विद्यापीठांत शिकविण्याच्या योग्यतेचें कांहीं नृत्य तेथें आढळतें कां तें पाहावें, अशी कामगिरी त्यांच्या विभागप्रमुखांनीं त्यांच्यावर सोंपविली. त्या स्वतः नर्तकी नव्हत्या. तेथील बहुतेक वर्ग पाहून त्यांची निराशाच झाली, कारण जिकडे तिकडे नक्कलच चालली होती. एका संगीतशिक्षिकेच्या वर्गांत मात्र शिष्यांना जमिनीवर निजवून हालचाली करावयास सांगितलेलें त्यांनीं पाहिलें, आणि त्यांना आपली वाट सांपडली. जमिनीवर पडलेल्या शरीराला तोल सांभाळण्याचें काम उरत नाहीं. तो भार उतरला कीं कोणता सांधा कोठवर वळतो व कोणता स्नायु केव्हां ताणला जातो, हें ज्याचें त्याला कळूं लागतें.

१९१७ सालीं त्यांनीं विद्यापीठांत पहिला वर्ग घेतला. वर्गांत त्या मानवी शरीराचा सांगाडा ठेवीत. त्या स्वतः नाचून दाखवीत नसत, तर प्रश्न विचारीत : पाठीचा कणा कोठून वळला? वजन कोणत्या पायावर गेलें? मुलींना दुसरीची नक्कल करण्याचा मोह होऊं नये म्हणून कधीं कधीं त्या त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधावयास लावीत. १९२६ सालीं त्या विद्यापीठानें नृत्य हा पदवीचा विषय केला; अमेरिकेंत असें प्रथमच घडलें. आपल्या विद्यार्थिनी रंगभूमीवर गेल्याच पाहिजेत असा त्यांचा मुळींच आग्रह नव्हता. शरीर असलेल्या प्रत्येकाला नृत्य करतां येतें, एवढीच त्यांची धारणा होती.

येथें शास्त्राचा पहिला धागा दिसतो. स्नायु, कंडरा व सांधे यांच्यांतून मेंदूकडे अखंड वार्ता जात असते आणि तिच्या योगें आपले हातपाय कोठें आहेत हें डोळे मिटूनहि आपणांस कळतें, ही गोष्ट इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनीं १९०६ सालच्या आपल्या ग्रंथांत व्यवस्थित मांडली होती. हडब्लरबाईंची पट्टी या ज्ञानाशीं तंतोतंत जुळते. जी वार्ता आंतून यावयाची ती दुसऱ्याकडे पाहून मिळत नाहीं. जीवशास्त्र शिकलेल्या या बाईंनीं शरीराच्या ज्ञानावर वर्ग उभा केला खरा, परंतु त्या वर्गापासून अमुक लाभ होतो असें सिद्ध करणारा एकहि प्रयोग त्या काळीं कोणीं केलेला नव्हता.

दुसरा प्रवाह मध्य युरोपांतून आला. प्रेसबुर्ग येथें १८७९ सालीं जन्मलेल्या रुडॉल्फ लाबान यांनीं हालचालींचें व्याकरण रचण्याचा प्रयत्न केला. हालचाल कोठें जाते, किती जोरानें जाते, किती वेळ घेते, मोकळी वाहते कीं आवरलेली असते, अशा अंगांनीं त्यांनीं तिची मीमांसा केली. संगीताप्रमाणें नृत्यहि लिहून ठेवतां यावें अशी लिपि त्यांनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केली. आणि कारागीर, कारकून व गृहिणी अशा सामान्य माणसांचे 'हालचालींचे वृंद' जर्मनींत उभे केले. प्लेटोच्या कल्पनेला शेंकडों वर्षांनीं आलेलें हें फळ होतें.

या फळाला कीड कशी लागली तेंहि इतिहासानें नोंदून ठेवलें आहे. नाझींची सत्ता आल्यावर लाबान यांनीं त्यांच्या प्रचारखात्याच्या छत्राखालीं काम पत्करलें. १९३६ च्या ऑलिंपिक खेळांच्या निमित्तानें बर्लिन येथें आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाल्या, त्यांची मांडणी त्यांचीच. मुंबईच्या मेनका, म्हणजे लीला सोखी, यांचें पथकहि त्या स्पर्धांत उतरलें होतें. याच बाईंनीं पुढें १९३८ सालीं खंडाळ्याला 'नृत्यालयम्' ही शाळा काढली. त्या उन्हाळ्यांत लाबान यांनीं सुमारें हजार हौशी माणसांचा एक प्रचंड वृंद बसविला होता. गोबेल्स यांनीं त्याची रंगीत तालीम पाहिली आणि प्रयोगाला मनाई केली. राज्यकर्त्यांना लोकांनीं नाचावयास हवें होतें, परंतु राज्याच्या कामीं पडेल तेवढेंच. लाबान अधिकारावरून दूर झाले व १९३८ सालीं इंग्लंडांत डार्टिंग्टन येथें आश्रयाला गेले. तेथें त्यांच्या विचारांनीं दुसरा जन्म घेतला; १९४८ सालीं शालेय नृत्याविषयीं त्यांचें पुस्तक निघालें आणि पुढें इंग्लंडच्या अनेक शाळांतून त्यांची पद्धति चालूं झाली. ज्या आधारावर नृत्याला समाजांत जागा मिळते तो आधार दुसऱ्याच्या हातांत असला तर ती जागा त्याच हातानें काढूनहि घेतली जाते, हा बर्लिनचा धडा आम्हांला पुढें उपयोगी पडणार आहे.

लाबान यांच्या शिष्या इर्मगार्ड बार्टेनिएफ या १९३६ सालीं जर्मनी सोडून अमेरिकेंत गेल्या. तेथें त्यांनीं भौतिकोपचाराचें शिक्षण घेतलें आणि पोलिओनें पांगळ्या झालेल्या रोग्यांमध्यें काम केलें. एकेक स्नायु सुटा घेऊन त्याला व्यायाम देण्यापेक्षां संबंध शरीर कोणत्या दिशेनें व कोणत्या हेतूनें हालतें याकडे त्यांचें लक्ष असे. तान्हें मूल श्वास घेतें, आकसतें, पसरतें, कुशीवर वळतें, रांगतें आणि उभें राहतें. या हालचालींचा क्रम मोठ्या माणसाच्या शरीरांतहि पायाप्रमाणें दडलेला असतो, असें त्यांच्या परंपरेनें मानलें.

या दोन्ही प्रवाहांचा संगम ॲन ग्रीन गिल्बर्ट या शिक्षिकेच्या कामांत झाला. १९८१ सालीं त्यांनीं सिएटल येथें सर्जनशील नृत्याचें केंद्र उघडलें आणि २००६ सालीं आपल्या पद्धतीचा ग्रंथ लिहिला. आरंभीं उल्लेखिलेलें नांव त्या ग्रंथाचेंच होय. त्यांच्या वर्गाची सुरुवात आठ हालचालींच्या एका मालिकेनें होते : श्वास, त्वचेला स्पर्श व चोळणें, शरीराच्या मध्यापासून हातापायांच्या टोकांपर्यंत पसरणें व पुन्हां आकसणें, डोकें व कणा, वरचें अंग व खालचें अंग, डावी बाजू व उजवी बाजू, डावा हात उजव्या पायाशीं व उजवा हात डाव्या पायाशीं अशी तिरपी जोड, आणि शेवटीं कानाच्या आंतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जागें करणारें गिरकणें. नंतर त्या दिवसाची एक कल्पना घ्यावयाची, उदाहरणार्थ 'जलद व सावकाश'. ती हरप्रकारें अजमावून पाहावयाची, तिच्यांतील कौशल्यें शिकावयाचीं, स्वतःचें कांहीं रचावयाचें, आणि अखेर शांत व्हावयाचें. वर्ग चिमुकल्यांचा असो कीं आजोबांचा, सांगाडा हाच. फरक फक्त गतीचा व आधाराचा. कोणी उभ्यानें गिरकी घेईल, कोणी खुर्चीवर बसून केवळ मान वळवील.

आतां शास्त्राची साक्ष काढूं. प्लेटोचे तीन वृंद येथें सोयीचे पडतात.

पहिला वृंद मुलांचा. नवजात बालकांना एकसारखा ठेका ऐकवून मधूनच त्यांतील सम गाळली तर त्यांच्या मेंदूच्या विद्युल्लहरींत फरक पडतो, असें २००९ सालीं हंगेरींतील संशोधकांनीं दाखविलें. म्हणजे तालाची अपेक्षा जन्मतःच हजर असते. त्याआधीं २००५ सालीं कॅनडांत झालेला एक प्रयोग शिक्षकांच्या दृष्टीनें याहून बोधप्रद आहे. सात महिन्यांच्या मुलांना जोर न दिलेला एकच ठेका ऐकवीत कांहींना दर दुसऱ्या मात्रेला व कांहींना दर तिसऱ्या मात्रेला झुलविलें. नंतर ज्या रीतीनें मूल झुललें होतें त्या रीतीचा ठेकाच तें अधिक वेळ ऐकूं लागलें. जीं मुलें नुसतें दुसऱ्याचें झुलणें पाहत राहिलीं त्यांच्यांत असा फरक पडला नाहीं. हडब्लरबाईंनीं डोळ्यांवर पट्टी बांधून जें सांगितलें तेंच येथें मांडीवरच्या मुलानें सांगितलें.

दुसरा वृंद तरुणांचा. २००५ सालीं लंडनमध्यें बॅले व ब्राझीलची कापोएरा या दोन प्रकारांच्या निष्णात कलावंतांना दोन्ही नृत्यांचीं चित्रें दाखवून त्यांच्या मेंदूचें निरीक्षण केलें. जी विद्या स्वतःच्या अंगीं मुरलेली होती ती पाहतांना हालचालींशीं संबंध असलेले मेंदूचे भाग अधिक जागे झाले. नर्तकाचें पाहणें इतरांच्या पाहण्याहून वेगळें असतें. तो अंगानेंहि पाहतो. म्हणजे पाहून शिकणें निरुपयोगी नाहीं, परंतु तें फळाला येतें तें करून पाहिलेल्या माणसाच्या ठिकाणीं. नक्कलेवर भर देणारी जुनी गुरुपरंपरा व नक्कल टाळणारी नवी पद्धति या दोहोंनींहि या प्रयोगाकडे स्वस्थ चित्तानें पाहावें.

तिसरा वृंद वृद्धांचा व रुग्णांचा. न्यूयॉर्क येथें पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींची सुमारें पांच वर्षें पाहणी करून २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें आढळलें कीं, शारीरिक छंदांपैकीं एकट्या नृत्याचा बुद्धिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशीं संबंध दिसतो. जर्मनींत माग्डेबुर्ग येथें वृद्धांच्या एका गटाला नित्य नवीं नृत्यें व दुसऱ्याला ठराविक व्यायाम दीड वर्ष शिकवून २०१७ सालीं निष्कर्ष मांडले. स्मृतीशीं निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागांत दोन्ही गटांत वाढ दिसली, परंतु तोल सुधारला तो नृत्याच्या गटाचाच. कंपवाताची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. या रोगांत डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि पाऊल आंतून उचलण्याची प्रेरणा मंदावते. परंतु बाहेरून ठेका मिळाला कीं तेंच पाऊल पुष्कळदां सहज पडतें. तालाच्या साहाय्यानें रोग्यांची चाल सुधारते हें १९९६ सालीं मायकेल थाउट व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें. २००१ सालीं ब्रुकलिन येथें मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनें कंपवाताच्या रोग्यांसाठीं वर्ग सुरू केला, आणि आमच्या पुण्यांतहि हृषीकेश पवार यांनीं अशा रोग्यांना नृत्य शिकविलें आहे.

ही साक्ष भरघोस आहे. तथापि साक्षीदार जेवढें सांगतो तेवढेंच ऐकावें, त्याच्या तोंडीं अधिक घालूं नये. न्यूयॉर्कची पाहणी संबंध दाखविते, कारण सिद्ध करीत नाहीं. ज्यांच्या मेंदूला कीड लागूं लागली होती त्यांनींच आधीं नाचणें सोडलें असेल, ही शक्यता उरते. माग्डेबुर्गच्या अभ्यासांत अखेरपर्यंत टिकलेलीं माणसें तीसहि नव्हतीं. आणि गिल्बर्टबाईंच्या आठ हालचालींचा नेमका तोच क्रम मेंदूची घडण सुधारतो, असें दाखविणारा भक्कम पुरावा नाहीं.

या सावधगिरीचें कारण इतिहासांत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास फिलाडेल्फिया येथें डोमन व डेलाकाटो यांनीं एक उपचार सुरू केला. मेंदूला इजा झालेल्या मुलाचे हातपाय व डोकें मोठ्या माणसांनीं धरून रांगण्याच्या रीतीनें रोज पुनःपुन्हां हालवावयाचे, म्हणजे मेंदूची अपुरी राहिलेली घडण पुरी होते, अशी त्यांची उपपत्ति होती. आईबापांनीं महिनोन् महिने आपलें सर्वस्व त्यांत ओतलें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें १९८२ सालीं व पुन्हां १९९९ सालीं या उपचाराला शास्त्रीय आधार नसल्याचें जाहीर केलें. तो उपचार आणि गिल्बर्टबाईंचा आनंददायक वर्ग एकच नव्हेत, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु रांगण्याच्या क्रमानें मेंदू घडतो हा विचार दोहोंकडे डोकावतो, म्हणून शिक्षकानें जपून बोलावें. तीच गोष्ट डाव्या व उजव्या मेंदूची. दुभंगलेल्या मेंदूवरील मोलाच्या संशोधनाबद्दल रॉजर स्पेरी यांना १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यावरून लोकांनीं 'कलावंत उजव्या मेंदूचे व गणिती डाव्या मेंदूचे' अशी जी विभागणी केली तिला २०१३ सालीं यूटा येथें केलेल्या हजाराहून अधिक मेंदूंच्या तपासणींत आधार सांपडला नाहीं.

आतां बर्लिनचा धडा आठवावा. नृत्यानें गणित सुधारतें म्हणून तें शाळेंत घ्यावें, अशी शिफारस जो करतो तो नृत्याचा मित्र असला तरी त्याची जागा भाड्याच्या घरांत ठरवितो. उद्यां एखाद्या मोठ्या प्रयोगांत गणित सुधारल्याचें दिसलें नाहीं तर पहिली कुऱ्हाड नृत्याच्या तासावर पडेल, आणि ती घालणाऱ्याला शास्त्राचें नांव सांगतां येईल. वृद्धांचेंहि तसेंच. बुद्धिभ्रंश टळतो म्हणून आजींना नृत्यवर्गांत न्यावयाचें, तर ज्या आजींना तो विकार जडलाच त्यांनीं काय करावें? त्यांचा नृत्याचा अधिकार संपला काय? वास्तविक त्यांनाच ठेक्याची व दुसऱ्याच्या हाताची गरज सर्वांत अधिक असते.

म्हणून शास्त्राकडून शिक्षकानें काय घ्यावें हें आम्हांला असें दिसतें. मुलाला दाखवूं नये, करूं द्यावें. तरुणाला करवून मग पाहावयास लावावें. वृद्धाला तेंच तें न देता नवें द्यावें, म्हणजे लक्ष व स्मृति दोन्ही कामाला लागतात. कंपवाताच्या रोग्याला ठेका स्पष्ट द्यावा आणि आधाराला खुर्ची द्यावी. हें ज्ञान 'कसें शिकवावें' या प्रश्नाचें आहे आणि त्या प्रश्नापुरतें तें अमोल आहे. 'कां शिकवावें' याचें उत्तर मात्र हडब्लरबाईंनीं कोणताहि पुरावा हातीं नसतां दिलें होतें, आणि तें अद्याप पुरेसें आहे. आमच्या शाळांच्या वेळापत्रकांत जे नृत्याला जागा मागतील त्यांनीं मेंदूचीं चित्रें अवश्य दाखवावींत. परंतु मागणी करतांना ती मुलाच्या हक्काची म्हणून करावी, आणि त्याच वेळीं शाळेचें दार आठवड्यांतून एखादी संध्याकाळ त्या मुलाच्या आजोबांसाठींहि उघडें ठेवण्याची मागणी जोडावी.